गाडीचा भाव करताना ‘डिस्काउंट किती?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी का विचारायचा?

शोरूममध्ये गेल्यावर बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, ‘डिस्काउंट किती देणार?’ सेल्समन म्हणतो ३० हजार. घरचे ५० मागतात. चहा येतो, मॅनेजर येतो आणि ‘फक्त तुमच्यासाठी’ ४० हजारांवर गाडी अडते. सगळे खूश होतात.

पण त्याच कोटेशनमध्ये खाली इन्शुरन्स, ॲक्सेसरीज किट, हँडलिंग चार्जेस अशा नावांनी तेवढीच रक्कम परत आलेली असू शकते. वर सुटलेले ४० हजार खाली भरले जातात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

घर सोडलं तर गाडी ही अनेक कुटुंबांची सगळ्यात मोठी खरेदी असते. म्हणूनच घासाघीस सुटीच्या आकड्यावर न करता पूर्ण हिशोबाच्या कागदावर करायची. हा कागद कसा वाचायचा, नव्या गाडीत पैसे कुठे सुटतात आणि सेकंडहँड गाडीचा भाव कुठून सुरू करायचा, हे समजून घेऊया.

ऑन-रोड किमतीत काय काय असतं?

शोरूममध्ये गेल्यावर आधी एवढंच मागा: ‘ऑन-रोड किमतीचं, प्रत्येक रक्कम वेगळी दाखवणारं लेखी कोटेशन द्या.’ ते हातात आलं की त्यातल्या रकमांचे तीन गट करा.

पहिला गट: सरकारचे पैसे. इथे घासाघीस होत नाही.

- जीएसटी एक्स-शोरूम किमतीतच धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. छोटी म्हणजे ४ मीटरपर्यंत लांबीची आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत इंजिनाची. त्यापेक्षा मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के आणि इलेक्ट्रिक गाड्यांवर ५ टक्के आहे.
- रोड टॅक्स राज्यानुसार बदलतो. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आणि डिझेल गाडीला १३ टक्के एकरकमी कर लागतो. किंमत वाढली की दरही वाढतो.
- गाडी १० लाखांच्या वर गेली की १ टक्का टीसीएस घेतला जातो. हे पैसे बुडत नाहीत. ते तुमच्या पॅनवर जमा होतात आणि इन्कम टॅक्स रिटर्न भरताना वळते करून घेता येतात किंवा परत मिळतात. अनेक जण हा दावा करायलाच विसरतात.

दुसरा गट: गरजेचं, पण कुठूनही घेता येईल असं. म्हणजे इन्शुरन्स आणि कर्ज.

तिसरा गट: ऐच्छिक. ॲक्सेसरीज किट, एक्स्टेंडेड वॉरंटी, कोटिंग, ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक्स’ चार्जेस. हँडलिंग ही सरकारी फी नाही. ‘हा कशाचा चार्ज आहे? कुठल्या नियमाखाली लावलाय?’ असं शांतपणे विचारलं की बऱ्याचदा तो कमी होतो किंवा निघूनही जातो. मॅट आणि सीट कव्हर बाहेरच्या दुकानात काय भावाने मिळतात, तेही आधीच पाहून ठेवा.

भाव करायची खरी जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात आहे.

इन्शुरन्स डीलरकडूनच घ्यावा लागतो का?

नाही. ग्राहक कुठल्याही विमा कंपनीची पॉलिसी घेऊ शकतो. डीलर सक्ती करू शकत नाही.

नव्या गाडीला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून हा नियम लागू झाला. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. उदाहरणार्थ, २०२२ च्या अधिसूचनेनुसार १००० ते १५०० सीसीच्या नव्या गाडीसाठी ३ वर्षांचा दर १०,६४० रुपये होता. तो सगळ्या कंपन्यांसाठी सारखाच असतो.

फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आणि ॲड-ऑन यांच्यात. म्हणून डीलरच्या कोटेशनमधली आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, आणि ॲड-ऑनची यादी लिहून घ्या. त्याच अटींवर बाहेरून दोन कोटेशन काढा. मग डीलरला विचारा, ‘एवढ्यात जुळवता का?’ अनेकदा तो जुळवतो.

आधीची गाडी असेल तर आणखी एक मुद्दा. क्लेम न केल्याबद्दल मिळणारा नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत जातो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं, तर नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर तेवढी सूट मिळते.

सूट कंपनीची की डीलरची?

कंपनीची योजना त्या भागातल्या सगळ्या डीलरकडे साधारण सारखी असते. ती तुम्हाला कुठेही मिळणारच आहे. प्रश्न असतो त्यावर डीलर स्वतःच्या नफ्यातून काय सोडतो याचा. म्हणून दोन्ही रकमा वेगळ्या लिहून मागा. तुमच्या नोकरीवर कॉर्पोरेट सूट लागू होते का, तेही विचारा.

एकाच कंपनीच्या दोन-तीन डीलरकडे, त्याच मॉडेलचं, त्याच व्हेरियंटचं कोटेशन घ्या. पुण्यात किंवा नाशिकमध्ये हे एका दिवसात होतं. तालुक्याच्या गावी एकच शोरूम असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी फोन करून कोटेशन मागवा. तुलना करताना सूट पाहू नका. चावी हातात येईपर्यंत एकूण किती जाणार, हाच आकडा शेजारी-शेजारी ठेवा.

मुहूर्तावर गाडी महाग पडते का?

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळीचा पाडवा हे आपले साडेतीन मुहूर्त. दसऱ्याला डिलिव्हरी हवी असलेल्यांची रांग असते. खपणाऱ्या मॉडेलवर अशा वेळी डीलरला भाव सोडायची घाई नसते. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते इथे लागू पडतं.

त्याच्या अगदी उलट म्हणजे पितृपंधरवडा. अनेक जण त्या काळात खरेदी टाळतात आणि शोरूम रिकामं असतं. यावर एक मधला मार्गही आहे: भाव पितृपंधरवड्यात पक्का करा, बुकिंगच्या पावतीवर तो लिहून घ्या आणि डिलिव्हरी दसऱ्याला न्या. मात्र डिलिव्हरीपर्यंत किंमत बदलली तर काय, हेही त्याच पावतीवर लिहिलेलं असू द्या.

महिनाअखेर आणि मार्चअखेर ही टार्गेट पूर्ण करायची वेळ असते, तेव्हा डीलर ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो. डिसेंबरमध्ये मोठ्या सुटी दिसतात, कारण जानेवारी उजाडला की तीच गाडी ‘गेल्या वर्षीची’ होते. गाडी ८-१० वर्षं वापरायची असेल तर डिसेंबरचा सौदा चांगला ठरू शकतो. तीन वर्षांत विकायची असेल तर आज मिळालेली सूट विकताना कमी भावाच्या रूपाने परत जाऊ शकते.

गाडी कधी बनली ते कळायला १७ अक्षरी चेसिस नंबर मागा आणि त्यावरून उत्पादनाचा महिना व वर्ष डीलरकडून लेखी घ्या. गाडी प्रत्यक्ष पाहण्याचं काम नोंदणी होण्याआधी करा. एकदा ती तुमच्या नावावर झाली की ओरखडा दाखवूनही फारसा उपयोग होत नाही.

एक्स्चेंज बोनसचं गणित

समजा, तुमच्या जुन्या गाडीला बाहेर २ लाख ६० हजार मिळतायत. डीलर म्हणतो, ‘आम्ही २ लाख २० हजार देतो, वर २५ हजार एक्स्चेंज बोनस.’ बोनस ऐकायला छान वाटतो, पण एकूण झाले २ लाख ४५ हजार. म्हणजे १५ हजार गेले.

उपाय सोपा आहे. आधी नव्या गाडीचा भाव पक्का करा आणि जुन्या गाडीचा विषय नंतर काढा. दोन सौदे एकत्र झाले की कुठे मिळालं आणि कुठे गेलं, हे कळत नाही.

‘ईएमआय किती परवडेल?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

काहीच नाही. कारण मुदत वाढवली की कुठलाही हप्ता परवडणारा दिसतो.

८ लाखांचं कर्ज ९ टक्के व्याजाने घेतलं असं समजा. ५ वर्षांसाठी हप्ता साधारण १६,६०० रुपये बसतो आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ९६ हजार. ७ वर्षांसाठी हप्ता १२,९०० च्या आत येतो, पण व्याज सुमारे २ लाख ८१ हजार होतं. हप्ता पावणेचार हजारांनी कमी झाला, कर्ज मात्र ८५ हजारांनी महाग पडलं.

शोरूममध्ये जाण्याआधी आपल्या बँकेतून व्याजदर विचारून या. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास लागणारा दंडही विचारा.

सेकंडहँड गाडीचा भाव कुठून सुरू करायचा?

विकणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यापासून नाही. सुरुवातीला धरायला एक तटस्थ आकडा उपलब्ध आहे: विम्याची आयडीव्ही. ती काढताना त्या मॉडेलच्या किमतीतून वयानुसार ठरावीक घसारा वजा होतो. १ ते २ वर्षं जुन्या गाडीला २० टक्के, २ ते ३ वर्षं ३० टक्के, ३ ते ४ वर्षं ४० टक्के आणि ४ ते ५ वर्षं ५० टक्के. बाजारभाव याहून वर-खाली असतो आणि मागणी असलेली मॉडेल जास्त भावाने जातात. पण चालू पॉलिसीवरचा हा आकडा समोर असला की बोलणं हवेत राहत नाही.

आता त्यातून खर्च वजा करत जा. घासाघिशीला लागणारे पुरावे गाडीवरच असतात.

- टायर: बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘१८२१’ म्हणजे २०२१ चा १८ वा आठवडा. टायर जुने असतील तर चार टायरची किंमत वजा.
- काचा: सगळ्या काचांवरचं उत्पादन वर्ष जुळतं का पाहा. एखादी वेगळी असेल तर ती का बदलली, हे विचारा.
- पूर: २००५ ची मुंबई, २०१९ ची सांगली-कोल्हापूर, २०२१ चं चिपळूण. पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या शहरात विकायला येऊ शकतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा आणि टोकाला चिखलाचे डाग आहेत का बघा. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज आणि आत कुबट वास असेल तर भाव करू नका, गाडीच सोडा.
- किलोमीटर: मीटर मागे फिरवता येतो. म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली सर्व्हिस हिस्ट्री मागा. स्टीअरिंग आणि पेडल खूप झिजलेत आणि मीटर मात्र २५ हजार दाखवतोय, तर काहीतरी गडबड आहे.

ओळखीच्या मेकॅनिकला हजार-पाचशे देऊन सोबत न्या. त्याने काढलेली प्रत्येक चूक कागदावर लिहा आणि समोर दुरुस्तीचा अंदाजे खर्च मांडा. ‘शेवटचं किती?’ यापेक्षा ‘टायर आणि क्लचचे एवढे वजा करून किती?’ हा प्रश्न जास्त चालतो.

व्यापाऱ्याकडून घेत असाल तर जीएसटीही तपासा. जुन्या गाडीवर नोंदणीकृत व्यापाऱ्याला लागणारा १८ टक्के जीएसटी साधारणपणे त्याच्या नफ्याच्या रकमेवर असतो. गाडीच्या पूर्ण किमतीवर कुणी १८ टक्के लावत असेल तर हिशोब मागा. नोकरदार माणसाने स्वतःची गाडी दुसऱ्याला विकली तर त्यावर जीएसटी लागत नाही.

पैसे देण्याआधी कोणते कागद बघायचे?

- आरसीवर नाव कुणाचं आहे आणि ही गाडी कितव्या मालकाची आहे.
- कर्जाचा बोजा आहे का. असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो.
- ई-चलनाचा दंड थकलाय का. गाडी क्रमांक टाकून ऑनलाइन दिसतो. तो विकणाऱ्याने भरायचा किंवा किमतीतून वजा करायचा.
- १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का.
- दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. त्यावर महाराष्ट्राचा कर आणि नव्या नोंदणीचा खर्च वेगळा लागतो. ‘दिल्लीची गाडी स्वस्तात’ हा हिशोब बऱ्याचदा इथे फसतो.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० भरावे लागतात. त्याचा खर्च आणि जबाबदारी कुणाची, हे भाव ठरवतानाच बोलून घ्या.

गाडी विकणाऱ्यासाठी एक इशारा

पैसे मिळाले, चावी दिली, विषय संपला असं समजू नका. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे, तोच कायद्याच्या नजरेत मालक. गाडी पुढे दोन-तीन हातांत गेली आणि अपघात झाला, तरी नुकसानभरपाईची जबाबदारी त्या नोंदीतल्या नावावर येऊ शकते.

म्हणून राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवा. व्यापाऱ्याला गाडी देत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र आहे का बघा. १ एप्रिल २०२३ पासून ही व्यवस्था लागू आहे. गाडी ताब्यात दिल्याची नोंद फॉर्म २९-सी मध्ये होते आणि त्यानंतरची जबाबदारी त्या व्यापाऱ्यावर जाते. पाच हजार जास्त देणाऱ्या, पण नाव बदलायला टाळाटाळ करणाऱ्या गिऱ्हाईकापेक्षा थोडं कमी देऊन कागद पूर्ण करणारा परवडतो.

सौद्याच्या वेळी उपयोगी पडणारी चार वाक्यं

१. ‘सगळं धरून, चावी हातात येईपर्यंत एकूण किती?’

२. ‘यात सरकारी किती आणि तुमचं किती, ते वेगळं लिहून द्या.’

३. ‘बुकिंग रद्द केलं तर टोकनचे किती पैसे परत मिळतील, ते पावतीवर लिहा.’

४. ‘घरी विचारून उद्या सांगतो.’

चौथं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ‘ही ऑफर फक्त आजच’ असं ऐकू आलं तर ते नक्की वापरा. आणि ठरल्यापेक्षा वेगळी रक्कम लावली, टोकन परत दिलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. तिथे तक्रार करतानाही पहिला प्रश्न हाच येईल: लेखी काय आहे?