हवामान-विस्थापितांचे नागरी गृहनियोजन

दुष्काळ, पूर, दरड किंवा किनाऱ्याची धूप यांमुळे गाव सोडून शहरात आलेल्या कुटुंबांसाठी जागा, घर आणि भाडे यांची आगाऊ आखणी. झोपडपट्टी पुनर्वसन वा पंतप्रधान आवास योजनेत असा वेगळा लाभार्थी-वर्ग नाही.

एकाएकी कोसळलेल्या संकटाची दखल सरकार घेते. जुलै 2021 मध्ये महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हा घरे बांधण्याचे काम म्हाडाकडे गेले. जुलै 2023 मधल्या इर्शाळवाडीच्या दरड-दुर्घटनेनंतर ते सिडकोने केले. दुष्काळात मात्र पंचनामा होतो तो पिकाचा, घराचा नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून दुष्काळी लातूरला पाण्याची रेल्वे निघाली. त्याच हंगामात मराठवाड्यातली कुटुंबे घाटकोपरच्या भटवाडीत मैदानावर बांबू रोवून, वर प्लास्टिक ताणून राहत होती. सकाळी नाक्यावर उभे राहायचे, काम मिळाले तर चूल पेटणार.

अशा कुटुंबाला शहरात कागद अडवतो. झोपडपट्टी पुनर्वसनात झोपडी 1 जानेवारी 2000 पूर्वीची असेल तर घर मोफत, 2011 पूर्वीची असेल तर पैसे भरून. आवास योजनेची अट अशी, की देशात कुठेही पक्के घर नको. गावाकडची विहीर आटली तरी स्लॅबचे घर उभेच असते, आणि तेवढ्यावर अर्ज बाद होऊ शकतो.

कागदाइतकाच अवघड प्रश्न जागेचा. उदाहरणार्थ, पेणकरपाडा हे मीरा-भाईंदर महापालिकेतले, दहिसरच्या हद्दीकडचे जुने गाव. 2011 च्या जनगणनेत मीरा-भाईंदर शहराची लोकसंख्या 8,09,378 होती. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. मोकळी दिसणारी बरीच जमीन मिठागरांची आणि खारफुटीची. तिच्यावर भराव टाकून वसाहत उभारली, तर दुष्काळातून सुटलेले लोक भरतीच्या पाण्यात जातील. स्वस्त जागा आणि योग्य जागा यांतला हा फरक नियोजनात सर्रास विसरला जातो.

भाड्याच्या घरांचा प्रयोग झाला आहे. एमएमआरडीएने 2008 मध्ये मुंबई महानगर प्रदेशासाठी 160 चौरस फुटांच्या खोल्यांची योजना आणली. पुढे भाड्याचा हेतू मागे पडला. स्थलांतरित मजुरांसाठी केंद्राने 2020 मध्ये परवडणाऱ्या भाडे-संकुलांची योजना जाहीर केली. पेणकरपाड्यासारख्या भागाला हवी आहे हंगामापुरती, मोठ्या डिपॉझिटशिवाय आणि रहिवासाच्या जुन्या पुराव्याशिवाय मिळणारी खोली. तिच्यासाठी विकास आराखड्यात उंचावरची, स्टेशनला धरून असलेली जागा आरक्षित करावी लागेल.