माळव्याची अफू : व्यसनाच्या बाजारपेठेचा इतिहास

सप्तव्यसनांचा त्याग हा श्रावकाचाराचा पहिला पाठ होय. द्यूत, मांस, मद्य यांपासून सुरू होणारी ही यादी पाठशाळेतील बालकांनाही मुखोद्गत असते. मात्र व्यसन करणाऱ्याइतकाच विचार जैन आचार्यांनी व्यसन पुरविणाऱ्याचाही केला आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात रचलेल्या ‘योगशास्त्रा’त श्रावकाने टाळावयाची पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांत रसवाणिज्य व विषवाणिज्य हे दोन व्यापार आहेत. पहिल्यात मद्यविक्री येते, दुसऱ्यात विषारी व घातक वस्तूंचा व्यापार. एकोणिसाव्या शतकात पश्चिम भारतातील व्यापारी पेढ्यांसमोर, आणि त्यांत जैन पेढ्याही होत्या, ही कसोटी अफूच्या रूपाने उभी राहिली.

इंदूर, उज्जैन, रतलाम, मंदसौर, प्रतापगड हा माळव्याचा टापू त्या काळी मुख्यतः होळकर, शिंदे व लहानमोठ्या संस्थानिकांच्या अमलाखाली होता. खसखशीच्या बोंडांना चिरा पाडून निघालेला चीक गोळा करावयाचा, त्याचे गोळे वळावयाचे आणि ते पेट्यांत भरून बंदराकडे रवाना करावयाचे, असा हा व्यवसाय. शेतकऱ्याला उचल सावकार देई. बंगाल-बिहारकडील अफूवर ईस्ट इंडिया कंपनीने इ. स. १७७३ पासूनच मक्तेदारी बसविली होती. तेथे पीक थोडके ठेवावयाचे, कलकत्त्याच्या लिलावात भाव चढता ठेवावयाचा आणि थोड्या मालावर मोठा नफा मिळवावयाचा, हे कंपनीचे गणित होते. ज्याला अफूची तलफ लागली तो भाव वाढला म्हणून सोडीत नाही, या अनुभवावर ते गणित उभे होते.

या गणितात माळव्याने बिघाड केला. संस्थानी मुलखावर कंपनीचा हुकूम चालत नव्हता. कंपनीने प्रथम हा व्यापार बंद पाडण्याचा प्रयत्न केला, ते जमेना तेव्हा माळव्याचा माल स्वतःच खरेदी करून पाहिला, तेही फसले. अफू पालीवरून राजपुताना व सिंध ओलांडून कराचीला आणि तेथून पोर्तुगीजांच्या दमणला पोहोचू लागली. अखेरीस इ. स. १८३० मध्ये कंपनीने हार मानून परवान्याची पद्धत सुरू केली. पेटीमागे १७५ रुपये भरावेत आणि माल सरळ मुंबईस न्यावा. तरीही दमणची वाट ओस पडेना, म्हणून इ. स. १८३५ मध्ये हा आकार १२५ रुपयांवर आणला गेला. पुढे इ. स. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेला, चोरवाट बंद झाली आणि तोच आकार इ. स. १८४७ पर्यंत ४०० रुपयांवर चढला. १८६० नंतर तो ६०० रुपये व त्याहूनही अधिक झाला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कर किती लावावा हे चीनमधील व्यसनी माणूस किती सोसतो यावरून ठरले नाही. चोरट्या वाटेने माल नेण्यास किती खर्च येतो यावरून ते ठरले.

माळवा व बंगाल यांच्या या चढाओढीचा परिणाम मात्र चीनमध्ये दिसला. तेथे बादशहाने अफू ओढण्यावर इ. स. १७२९ मध्येच बंदी घातली होती. इ. स. १८२० च्या सुमारास वर्षाकाठी चार-पाच हजार पेट्या तेथे जात. कंपनीने ‘थोडा माल, चढा भाव’ हे धोरण सोडून ‘अधिक माल, उतरता भाव’ हे धोरण पत्करले, आणि दोन दशकांच्या आत हा आकडा चाळीस हजार पेट्यांच्या घरात गेला. भाव उतरल्याने जुने अफूबाज थोडी अधिक ओढू लागले असतील. पण एवढी वाढ त्यांच्याने होणे नाही. ज्यांनी पूर्वी अफूला कधी हात लावला नव्हता असे लाखो लोक या जाळ्यात आले. इ. स. १८३९ मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने कँटनजवळ वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या. त्यातून जे युद्ध पेटले ते सर्वश्रुत आहे.

अर्थशास्त्राला हे कोडे उलगडण्यास बराच काळ लागला. वस्तू जितकी अधिक मिळावी तितकी तिची गोडी कमी व्हावी, हा अर्थशास्त्राचा नेहमीचा नियम. आल्फ्रेड मार्शल यांनी इ. स. १८९० मधील आपल्या ग्रंथात उत्तम संगीताची आवड व दारूचे व्यसन ही सेवनानेच वाढत जातात, असे नमूद केले. पण नियमाला त्यामुळे बाधा येत नाही, कारण सेवनाने माणूसच पालटलेला असतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. इ. स. १९८८ मध्ये गॅरी बेकर व केव्हिन मर्फी यांनी याचीच गणिती मांडणी केली. कालचे सेवन आजची ओढ वाढविते. म्हणून भाववाढीचा परिणाम आज थोडा दिसतो, पण वर्षे लोटतात तसा तो वाढत जातो. डच ईस्ट इंडीजमध्ये डच सरकार स्वतःच अफू विकीत असे. तेथील इ. स. १९२३ ते १९३८ या काळातील आकडे यान व्हॅन ऊर्स या अर्थशास्त्रज्ञाने तपासले. भाव दहा टक्के वाढला की विक्री लगेच सुमारे सात टक्के घटे आणि दीर्घ मुदतीत सुमारे दहा टक्के, असे त्यांना आढळले. व्यसनी माणसावर भावाचा काहीच परिणाम होत नाही, ही समजूत येथे टिकत नाही.

बेकर यांचा व्यसनी मात्र फारच हिशेबी आहे. पुढील सर्व दुःखे तोलूनमापून तो पहिला झुरका घेतो! हे अनेकांना पटले नाही. माणूस उद्या सोडीन म्हणतो आणि उद्या उजाडला की पुन्हा उद्यावर ढकलतो, हे ध्यानी घेऊन इ. स. २००१ मध्ये ग्रुबर व कोसेगी यांनी वेगळी मांडणी केली. आजच्या मनाने उद्याच्या मनाला बांधून ठेवण्याचा उपाय जैन परंपरेत प्रत्याख्यानाच्या रूपाने फार पूर्वीपासून आहे. संघासमक्ष घेतलेला नियम मोडणे महाग पडते, ते यामुळेच.

आता मुंबईकडे वळावयास हवे. शेठ मोतीचंद अमीचंद ऊर्फ मोतीशा (इ. स. १७८२-१८३६) हे जैन समाजाच्या आदराचे नाव. भायखळ्याचे आदीश्वर मंदिर, शत्रुंजयावरील मोतीशा टूंक आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासह इ. स. १८३४ मध्ये उभारलेली मुंबईची पांजरापोळ ही त्यांची स्मारके. जहाजांचे मालक असलेले मोतीशा चीनच्या व्यापारात होते, आणि त्या व्यापारात माळव्याची अफू हा प्रमुख माल होता. जमशेटजी व रोजेरियो द फारिया हे त्यांचे त्यातील सहकारी. गौरवग्रंथांतून हा भाग बहुधा एका ओळीत, ‘चीनशी व्यापार’ एवढ्यावर आटोपला जातो. तसे करणे योग्य नव्हे. त्या काळी अफू हा उघड, परवानाधारक माल होता. घरोघरी ती औषध म्हणून असे, रडत्या बाळालाही तिची गोळी दिली जाई. शेठजींनी स्वतः अफू घेतली नसेलच. परंतु शास्त्र कृत, कारित व अनुमोदित अशा तीनही अंगांनी दोष मोजते, आणि विषवाणिज्याचा निषेध तर विकणाऱ्यालाच उद्देशून आहे. मुक्या प्राण्यांसाठी पांजरापोळ बांधणारी करुणा कँटनच्या अफूबाजापर्यंत का पोहोचली नाही? समुद्रापलीकडचा ग्राहक डोळ्यांना दिसत नव्हता, हे त्याचे एक कारण असावे. शिवाय आपण न नेली तर दुसरा नेईल, हा युक्तिवाद त्या बाजारात खराही होता.

इ. स. १८५८ मध्ये चीनला अफूची आयात कायदेशीर करावी लागली. पुढे चीनमध्येच एवढे पीक निघू लागले की परदेशी माल मागे पडला. हिंदुस्थान सरकारच्या महसुलात मात्र एके काळी सुमारे सातवा हिस्सा अफूचा होता, त्यामुळे ती सोडवेना. इ. स. १८९३ मध्ये नेमलेल्या शाही आयोगानेही सरकारला फारसे दुखावले नाही. अखेर इ. स. १९०७ च्या कराराने चीनकडील निर्यात दरसाल दहाव्या हिश्श्याने घटविण्याचे ठरले आणि इ. स. १९१३ मध्ये ती थांबली.

माळव्यात खसखशीचे पीक आजही आहे. मंदसौर व नीमच जिल्ह्यांत शेतकरी केंद्र सरकारच्या परवान्याने ते घेतात. चीक काढणाऱ्याने आपला सर्व चीक सरकारला ठरावीक दराने द्यावयाचा असतो. नीमच येथे सरकारी अफू कारखाना आहे आणि माल औषधांसाठी जातो. चोरट्या बाजारातील भाव सरकारी दराच्या कित्येक पट असतो. म्हणून बोंडांना चिरा पडण्याच्या दिवसांत शेताशेतांतून रात्रंदिवस राखण बसते.