चेटकीण चांगली कधी झाली?

आजचा प्रश्न तसा पोराटोरांचा आहे, पण त्याचं उत्तर बरंच लांब जातं. गोष्टीतली चेटकीण चांगली कधी झाली?

आजच्या मुलांना झाडूवर बसून सामान पोचवणारी किकी ठाऊक असते. पण १८१२ साली ग्रिम बंधूंनी छापलेली हान्सेल आणि ग्रेटेलची गोष्ट आठवा. तिथली म्हातारी पोरांना भाजून खायला निघते आणि शेवटी स्वतःच भट्टीत जळते. ऐकणारी मुलं खूश!

आता ही भट्टी काही हवेतून आलेली नाही. साधारण १४५० ते १७५० या ३०० वर्षांत युरोपात चेटकाच्या आरोपावरून ४० ते ६० हजार माणसं मारली गेली, असा आजच्या इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यात बहुसंख्य बायका. सर्वात जास्त बळी जर्मन भाषकांच्या मुलखात गेले. गाय आटली, मूल दगावलं, गारपिटीनं पीक झोपलं, की शेजाऱ्यांचं बोट एखाद्या एकट्या, गरीब, तोंडाळ बाईकडे वळायचं. स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुसला आना ग्योल्डी नावाच्या मोलकरणीला १७८२ मध्ये मृत्युदंड दिला. ती निर्दोष होती, हे तिथल्या विधिमंडळानं मान्य केलं २००८ मध्ये. म्हणजे २२६ वर्षांनी!

मग चांगली चेटकीण आली कुठून? माझ्या मते, आधी कुणीतरी वेगळा प्रश्न विचारावा लागला: ही बाई होती तरी कोण?

तो प्रश्न ठणकावून विचारणारी एक बाई अमेरिकेत होती. मटिल्डा जोसलिन गेज. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी. १८९३ च्या ‘वुमन, चर्च अँड स्टेट’ या पुस्तकात तिनं चेटकिणींवर एक अख्खं प्रकरण लिहिलं. ज्यांना चेटकीण म्हणून मारलं त्या जाणत्या बायका होत्या आणि त्यांचं ज्ञानच सत्तेला खुपत होतं, असं तिचं म्हणणं. तिनं दिलेला ९० लाख बळींचा आकडा आज कुणी इतिहासकार धरत नाही. पण चेटकिणीकडे आरोपीच्या बाजूनं बघायचं, ही दृष्टी तिची.

गंमत अशी, की या बाईंचा जावई होता एल. फ्रँक बाम! सासूबाई हिवाळ्यात लेकीकडे राहायला यायच्या. जावई मुलांना गोष्टी सांगायचा, त्या लिहून काढ म्हणून याच सासूबाई मागे लागल्या. १८९८ मध्ये शिकागोला त्याच घरी त्या वारल्या. दोन वर्षांनी, १९०० साली, ‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ’ आलं. त्यात दोन चेटकिणी वाईट आहेत, पण दोन चांगल्याही आहेत. चेटकिणी सगळ्या दुष्टच असतात असं समजून बसलेल्या डोरोथीला उत्तरेची चेटकीण सांगते, की तसं नसतं. अभ्यासक इथे सासूबाईंचा धागा जोडतात, आणि मला तो पटतो.

पुढची गोष्ट थेट जर्मनीतली. ओटफ्रीड प्रॉयस्लरच्या मुलींना चेटकिणींची भीती वाटायची. बापानं १९५७ मध्ये ‘छोटी चेटकीण’ लिहिली. ही फक्त १२७ वर्षांची, म्हणजे चेटकिणींत अगदी पोर. वर्षभर चांगलं वागायचं ठरवते, लाकूडफाटा गोळा करणाऱ्या म्हाताऱ्यांना मदत करते. थोरल्या चेटकिणी संतापतात, कारण त्यांच्या लेखी चांगली चेटकीण म्हणजे सतत वाईट करणारी! शेवटी ती त्यांचे झाडू आणि जादूच्या पोथ्या पेटवून देते. बघा ना, जिथे माणसं जाळली, त्याच देशातल्या गोष्टीत आता आग आहे, पण त्यात माणूस नाही.

आणि १९८५ मध्ये जपानच्या एइको कादोनो यांची किकी आली. तिला जादू एकच येते, झाडूवर उडायची. १३ व्या वर्षी घर सोडून ती परक्या गावात सामान पोचवून पोट भरते. तिची जादू म्हणजे शेजाऱ्यांच्या उपयोगी पडणं. एके काळी शेजाऱ्यांच्याच तक्रारीवरून बायका मरायच्या, हे लक्षात घेतलं की या साध्या गोष्टीचं वजन कळतं.

बरं, मग आपलं काय? आपल्याकडे रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण आहे. ती वाईटच, पण दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेली. नाट्यगृहात मुलं तिला घाबरतही होती आणि खदखदून हसतही होती. भीतीचं हसू झालं, हीसुद्धा मोठी पायरी.

पण हाच शब्द नाट्यगृहाबाहेर वेगळा वाजतो. नंदुरबारच्या सातपुड्यात ‘डाकीण’ ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या घटना आपल्याच काळातल्या आहेत. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आला २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. चेटकाच्या नावाखाली कुणाला मारहाण करणं, नग्न धिंड काढणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत.

म्हणून मला वाटतं, चांगल्या चेटकिणीची गोष्ट ही नुसती गोडगोड करमणूक नाही. कायदा मारणाऱ्याचा हात धरतो. पण ‘चेटकीण’ म्हटल्यावर मुलाच्या डोळ्यांसमोर कोण उभं राहतं, ते गोष्टच ठरवते. रात्री गोष्ट सांगताना एखादी चेटकीण चांगली करून बघा. पोरं विचारतील, “पण ती वाईट का नाही?” या प्रश्नावर घाई करू नका, जरा रेंगाळा.

तुमच्या घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत अशी कुणी चेटकीण असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!