पत्र्याचा डबा आणि जेरीकॅन: वाळवंटी युद्धाने शिकवलेला धडा

#थ्रेड #इतिहास

१/ उत्तर आफ्रिकेतील युद्ध म्हटले की रोमेल, मॉन्टगोमेरी आणि रणगाडे आठवतात. परंतु या युद्धात ब्रिटिशांचे प्रचंड पेट्रोल शत्रूने एकही गोळी न झाडता वाळूत जिरले. त्याला कारण होता पत्र्याचा एक साधा डबा.

२/ प्रथम भूगोल पाहू. जर्मन-इटालियन सैन्याचा मुख्य तळ त्रिपोलीत, तर ब्रिटिशांचा इजिप्तमध्ये. त्रिपोली ते अलेक्झांड्रिया हे अंतर सुमारे २,००० किलोमीटर. मधे बेंगाझी, तोब्रुक अशी मोजकी बंदरे. जो पुढे सरके तो आपल्या तळापासून दूर जाई. विखुरलेल्या तुकड्यांपर्यंत पेट्रोल आणि पाणी ट्रकवर लादून, लहान भांड्यांतूनच पोहोचवावे लागे.

३/ ब्रिटिशांचे हे भांडे म्हणजे ४ गॅलनचा, म्हणजे सुमारे १८ लिटरचा, पातळ पत्र्याचा चौकोनी डबा. रॉकेलचे असेच डबे त्या काळी भारतात घरोघरी होते. रिकाम्या डब्याला वर आडवी दांडी ठोकून त्यातून पाणी वाहिले जाई. सैनिकांनी मात्र या डब्याला ‘फ्लिम्झी’, म्हणजे तकलादू, असे नाव दिले.

४/ मग हा डबा निवडलाच का? तो स्वस्त होता, इजिप्तमध्येच तयार करता येत होता आणि एकदा वापरून फेकून देण्यासाठीच होता. चांगल्या रस्त्यावरच्या थोड्या प्रवासाला तो पुरेसा होता. वाळवंटातील खडकाळ वाटांवर मात्र ट्रक हिसके खात, डब्यांचे सांधे उकलत आणि पेट्रोल गळू लागे. जहाजांच्या तळघरात वरच्या थरांच्या भाराने खालचे डबे चेपत. तिथे साचणारी पेट्रोलची वाफ आगीला आमंत्रणच असे.

५/ मध्यपूर्वेतील ब्रिटिश सरसेनापती ऑकिनलेक यांच्या अंदाजानुसार तळापासून वापरणाऱ्यापर्यंत सुमारे ३० टक्के इंधन वाया जात असे. याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. १०० ट्रक निघाले तर त्यांतील ३० ट्रकभर पेट्रोल वाटेतच नाहीसे होई. त्या ३० ट्रकांनी जाळलेले इंधन, झिजवलेले टायर आणि चालकांचे श्रम हे नुकसान त्याशिवाय वेगळे.

६/ पाण्याची कथा अधिक कष्टाची. पाणीही अशाच डब्यांतून येई. डबा गंजे आणि पाण्याला पेट्रोलचा वास व चव लागे. या वाळवंटात भारतीय डिव्हिजनही लढत होत्या. जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण तिथेच होती. माणशी मोजून मिळणाऱ्या पाण्याची ही अवस्था असेल, तर भांड्याची निवड ही केवळ कोठारातील कारकुनाची बाब राहत नाही.

७/ जर्मनीने हा प्रश्न युद्धापूर्वीच सोडवला होता. १९३७ च्या सुमारास तिथे २० लिटरचा पोलादी कॅन तयार झाला. दाबून घडवलेले दोन अर्धे भाग वितळजोडाने सांधलेले. बाजूंवर खोलगट नक्षी, पण ती शोभेसाठी नव्हे: तिने पत्र्याला बळकटी येई आणि उष्णतेने द्रव पसरला तर कॅनला फुगायला वाव मिळे.

८/ वर तीन मुठी. मधली धरून एक माणूस कॅन नेई. कडेच्या मुठींमुळे दोघांना तो मिळून उचलता येई किंवा हातोहात पुढे देता येई. रिकामे असतील तर एका हातात दोन मावत. तरफेचे झाकण कोणत्याही अवजाराविना उघडे आणि घट्ट बसे. तोंडाशी हवा आत घेणारी नळी असल्याने द्रव न उसळता ओतला जाई; नरसाळे लागत नसे. आत हवेची पोकळी राखल्याने भरलेला कॅनही पाण्यावर तरंगे. पाण्याच्या कॅनवर पांढरी फुली असे, जेणेकरून पेट्रोल आणि पाणी यांची गल्लत होऊ नये.

९/ ब्रिटिश सैनिकांना हे कॅन हाती लागले, तेव्हा त्यांनी स्वतःचे डबे सोडून तेच वापरायला सुरुवात केली. जर्मनांना ते ‘जेरी’ म्हणत, म्हणून हा ‘जेरीकॅन’. पुढे ब्रिटनने त्याची हुबेहूब नक्कल केली. फ्लिम्झीही वाया गेला नाही. अर्धा कापून, वाळू भरून, त्यात पेट्रोल ओतून पेटवला की चहाची चूल तयार! तिला ‘बेंगाझी बर्नर’ म्हणत.

१०/ अमेरिकेने आरंभी नक्कल करताना ‘सुधारणा’ केल्या. वितळजोडाऐवजी पत्र्याच्या कडा दुमडल्या आणि तरफेऐवजी आट्यांचे झाकण बसवले. परिणामी सांधे गळू लागले, शिवाय कॅन उघडायला पाना आणि ओतायला नरसाळे लागू लागले. बाह्य आकार तसाच राहिला, पण त्यामागचा विचार निसटला.

११/ १९४४ मध्ये फ्रान्समध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली. सैन्य वेगाने पुढे गेले आणि रिकामे कॅन वाटेत पडून राहिले. मागे पेट्रोल होते, पण भरायला कॅन नव्हते. अखेर ते गोळा करण्यासाठी फ्रेंच शाळकरी मुलांचीही मदत घेण्यात आली. भांडे परत आले नाही, तर पुढची खेप निघत नाही.

१२/ आज औद्योगिक वसाहतींत लोखंडी पिंजऱ्यातल्या १,००० लिटरच्या पांढऱ्या टाक्या दिसतात. त्या म्हणजे ‘आयबीसी’. पिंप आणि टँकर यांच्या मधले हे भांडे. खाली पॅलेट, म्हणून फोर्कलिफ्टने उचलता येते. तळाशी व्हॉल्व्ह, म्हणून टाकी न कलंडवता रिकामी करता येते. घातक द्रवांसाठीच्या टाक्यांची आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दर अडीच वर्षांनी तपासणी होते. प्लॅस्टिकच्या टाकीला अशा द्रवांसाठी सामान्यतः ५ वर्षांचीच मुदत असते.

१३/ टाकी निवडताना आजही प्रश्न तेच: आत काय भरायचे? ते टाकीच्या पदार्थाला मानवते का? प्रवास किती, उचलणार कसे, परत आणणार कसे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यापूर्वी तीत काय होते? रसायनाची जुनी टाकी स्वस्तात आणून तीत पिण्याचे पाणी साठवणाऱ्याने तोब्रुकच्या सैनिकांचे पाणी आठवावे. त्यांना निवड नव्हती; आज ती आहे.

(समाप्त)