खाशाबांच्या तिकिटाचे पैसे

बेसिंगस्टोकच्या पबमध्ये पूल लीग खेळणाऱ्या कुणालाही विचारा, तक्रार ठरलेली: वर्गणी आम्ही भरायची, पण संघ कोण निवडतं आणि पैसा जातो कुठे?

हौशी खेळाचं हे दुखणं जुनं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला आले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर; सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी मात्र निवडीतच घोडं अडलं. पक्षपात झाला, असं खाशाबांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, तेव्हा पुन्हा कुस्ती लावली गेली आणि ती त्यांनी मारली.

मग प्रश्न पैशांचा. सरकारकडे खेटे घालूनही पुरेशी रक्कम मिळेना. गावाने वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून ७००० रुपये दिले.

खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांनी कुस्त्या भरवून खर्डेकर सरांचे पैसे फेडले.

आपला पैसा कुठे गेला, हे गोळेश्वरला ठाऊक होतं. आपल्या लीगकडेही एवढंच मागू या: निवड उघड, हिशेब उघड.