हवेचा ओलावा पिणारे क्षार

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते. शुद्ध सोडियम क्लोराइड मात्र हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर जाईपर्यंत कोरडेच राहते. आगरातल्या मिठात मिसळलेले मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांनाच पाझरू लागते. खरा दोष त्याचा. क्षारांची हीच ओढ विसाव्या शतकात वातानुकूलनाच्या कामी आली.

लिथियमचा शोध त्याच्या बराच आधीचा. योहान आर्फवेडसन याने १८१७ मध्ये स्टॉकहोममधील बर्झेलियसच्या प्रयोगशाळेत पेटालाइट या खनिजात ते ओळखले. पुढे १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये राउल्ट याने विरघळलेल्या पदार्थामुळे द्रावकाचा बाष्पदाब कसा घटतो, याचा नियम मांडला. या दोन धाग्यांची गाठ १९३० च्या दशकात अमेरिकेत पडली. फ्रान्सिस बिचोव्स्की आणि केली यांनी १९३५ मध्ये वातानुकूलनातील दाट द्रावणांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि लिथियम क्लोराइड कारखान्यांतील हवा कोरडी करू लागले.

नेहमीचे यंत्र ओलावा काढण्यासाठी हवा दवबिंदूखाली थंड करते. मग ती अनेकदा पुन्हा तापवावी लागते. हा दुहेरी खर्च द्रावण टाळते. दाट द्रावणावरचा बाष्पदाब हवेतील बाष्पाच्या दाबाहून कमी असल्याने बाष्प आपणहून द्रावणात शिरते. किलोभर पाणी शोषताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणून द्रावण सतत थंड ठेवावे लागते. पातळ झालेले द्रावण ६० ते ८० अंश सेल्सियसच्या उष्णतेने पुन्हा दाट होते. ती उन्हातून किंवा कारखान्याच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून मिळू शकते.

मग अडते कुठे? २५ अंशांना लिथियम क्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइड या दोहोंचे संपृक्त द्रावण वजनाने साधारण ४५ टक्के क्षाराचे असते. तरीही पहिल्यावरची हवा ११ टक्के आर्द्रतेपर्यंत उतरते, दुसऱ्यावरची २९ टक्क्यांपर्यंतच. लिथियम हलके असल्याने तेवढ्याच वजनात त्याचे आयन कितीतरी अधिक. पण ते महाग, तर कॅल्शियम क्लोराइड सोडा अॅशच्या सॉल्व्हे प्रक्रियेचा उपपदार्थ. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरही ही प्रक्रिया चालते. दोहोंच्या मिश्रणाचे गुणधर्म १९९२ मध्ये मोजले गेले. मॅन्युएल कोंदे यांनी २००४ मध्ये दोन्ही क्षारांच्या विद्राव्यता, बाष्पदाब, घनता, श्यानता आदी गुणधर्मांची समीकरणे एकत्र मांडली. हे काम रूक्ष दिसते, पण स्फटिकीभवनाची सीमा चुकली तर नळ्या तुंबतात. क्लोराइड धातू खाते, म्हणून यंत्रात प्लास्टिक किंवा टायटॅनियम वापरावे लागते; हवेबरोबर उडणारे थेंबही रोखावे लागतात.

भारताच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यात २०३७–३८ पर्यंत शीतकरणाची मागणी २० ते २५ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी स्वस्त क्षार हाताशी आहे. पण पावसाळ्यात मुंबई-चेन्नईच्या शीतमनोऱ्यातले पाणी २८-३० अंशांखाली क्वचितच उतरते. एवढ्या कोमट द्रावणात कॅल्शियम क्लोराइड काठावरच काम करते, लिथियम क्लोराइडला मात्र वाव उरतो. रियासी येथे फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झालेला ५९ लाख टनांचा लिथियमसाठा ‘अनुमानित’ या प्राथमिक वर्गातला आहे आणि या धातूवर पहिला डोळा बॅटरी उद्योगाचा आहे.