आलेख काढताना होणारा ग्राफिक्स लायब्ररींचा संघर्ष

आलेख-लायब्ररी संघर्ष : प्रोग्रॅममधून आलेख काढताना एकाच कामाच्या दोन ग्राफिक्स लायब्ररी, किंवा एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या, एका प्रोसेसमध्ये आल्याने होणारा बिघाड. विंडो न उघडणे, उघडलीच तर काळी राहणे, लायब्ररी इम्पोर्ट करताच प्रोग्रॅम कोसळणे ही त्याची लक्षणे. आकडेमोड बहुधा बिनचूक असते, म्हणून आलेखाचा कोड पुन्हापुन्हा तपासून काही हाती लागत नाही.

पायथनमधील मॅटप्लॉटलिब ही जॉन हंटर यांची लायब्ररी 2003 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात चित्र रंगवण्याचे आणि दाखवण्याचे काम ‘बॅकएंड’कडे असते. ॲग हा बॅकएंड फक्त चित्राची फाइल तयार करतो. टीके आणि क्यूटी या टूलकिटांचे बॅकएंड विंडो उघडतात. खटके उडतात ते मुख्यतः क्यूटीपाशी. पायक्यूटी5, पायक्यूटी6 आणि पायसाइड ही पायथनला क्यूटीशी जोडणारी बाइंडिंग; त्या सगळ्यांना आपापले क्यूटी लागते. त्यातच लिनक्सवर पिप या पॅकेज-व्यवस्थापकाने घेतलेली ओपनसीव्ही ही चित्रप्रक्रियेची लायब्ररी स्वतःचे क्यूटी प्लगइन सोबत आणते. मग पायक्यूटी5 ते परके प्लगइन उचलायला जाते आणि ‘एक्ससीबी प्लगइन सापडले, पण लोड झाले नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. ओपनसीव्हीची विंडो नकोच असेल, तर तिची ‘हेडलेस’ आवृत्ती बसवणे हा इलाज आहे.

त्रिमितीय आलेखांत लायब्ररींचे थर आणखी वाढतात. पवईच्या आयआयटी मुंबईत एरोस्पेस अभियांत्रिकीचे प्राध्यापक असलेले प्रभू रामचंद्रन यांनी घडवलेली मायावी ही लायब्ररी त्याचे चांगले उदाहरण. ती व्हीटीके या सी++ लायब्ररीवर उभी आहे. व्हीटीके ओपनजीएलमार्फत ग्राफिक्स ड्रायव्हरशी बोलते आणि विंडोसाठी पुन्हा क्यूटी लागते. कोणती टूलकिट वापरायची हे मायावी इम्पोर्ट करण्यापूर्वीच ‘ईटीएस-टूलकिट’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने सांगावे लागते. एकदा निवड झाली की त्या प्रोसेसमध्ये ती बदलता येत नाही.

कोंडा हा पॅकेज-व्यवस्थापक वापरणाऱ्यांना वेगळाच अनुभव येतो. कोंडाने आणलेली सी++ ची मूळ लायब्ररी जुनी आणि संगणकाचा मेसा हा ग्राफिक्स ड्रायव्हर नवा असेल, तर ‘ड्रायव्हर उघडता आला नाही’ एवढेच दिसते. ड्रायव्हर जागेवरच असतो. त्याला हवी ती आवृत्ती मिळालेली नसते. कोंडातील ती लायब्ररी अद्ययावत केली की आलेख दिसू लागतो.

मराठी लेबलांची अडचण दिसायला अशीच, पण कारण निराळे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील तालुक्यांचा स्तंभालेख काढला, तर पहिल्या खेपेला नावांच्या जागी रिकामे चौकोन येतात, कारण मॅटप्लॉटलिबसोबत येणाऱ्या देजावू सॅन्स फाँटमध्ये देवनागरी नाही. नोटो सॅन्स देवनागरी निवडल्यावर लोहा, कंधार, औसा, चाकूर नीट उमटतात. किनवट मात्र ‘कनिवट’सारखे आणि निलंगा ‘नलिंगा’सारखे दिसते, अर्धापूर, धर्माबाद यांचा रफार सुटून र पाय मोडून उभा राहतो. ॲग बॅकएंड वर्षानुवर्षे अक्षरे केवळ साठवलेल्या क्रमाने मांडत आला. ऱ्हस्व वेलांटी मागे नेणे किंवा रफार चढवणे हे काम हार्फबझसारखी लायब्ररी करते. एमपीएलकैरो हा बॅकएंड रक्म या लायब्ररीमार्फत हार्फबझची मदत घेतो. रक्म संगणकावर नसेल, तर बॅकएंड बदलूनही वेलांट्या चुकीच्याच राहतात.

निदान करताना क्रम महत्त्वाचा. आधी एका रेषेचा साधा आलेख ॲगवर काढून फाइलमध्ये साठवावा. फाइल नीट तयार झाली, तर दोष विंडोच्या थरात आहे. पडदा नसलेल्या सर्व्हरवर तर ॲगच योग्य. तेथे टीके किंवा क्यूटीचा आग्रह धरला की त्रुटी ठरलेलीच. विंडो हवीच असेल, तर क्यूटीचा प्लगइन-डीबग पर्याय सुरू करावा. कोणत्या फोल्डरमधून काय उचलले जाते आहे, ते त्यात ओळीने दिसते. लिनक्सवर एलडीडी ही आज्ञा न सापडलेल्या लायब्ररींची नावे सांगते. क्यूटी 6.5 पासून लागणारी एक्ससीबी-कर्सर लायब्ररी अशीच अनेकदा गैरहजर असते.

सगळे काढून पुन्हा बसवण्याने दोष क्वचितच जातो, कारण तोच जुना गोतावळा परत येतो. त्यापेक्षा प्रत्येक प्रकल्पाला वेगळे एन्व्हायर्नमेंट द्यावे आणि त्यात क्यूटीचे एकच बाइंडिंग ठेवावे. विंडोशी संबंधित बहुतेक तंटे तेवढ्याने टळतात.